बाँड एक, नट सहा : तुलना करायची तर कशी करायची

जेम्स बाँडचा विषय निघाला की दहा मिनिटांत तट पडतात. एक शॉन कॉनरीचा, दुसरा डॅनियल क्रेगचा. रॉजर मूरचं नाव घेणाऱ्याची थट्टा होते, टिमोथी डाल्टनचं नाव घेणारा स्वतःला दर्दी समजतो, आणि जॉर्ज लॅझेनबी कुणाला आठवतच नाही. पुढे वाद गाड्या, गाणी आणि नायिकांवर घसरतो आणि नटाचं काम बाजूलाच राहतं. बहुतेकांचा आवडता बाँड म्हणजे शाळा-कॉलेजच्या वयात पहिल्यांदा पाहिलेला बाँड, हे तर उघड गुपित आहे.

तुलना नीट करायची असेल तर थोडी शिस्त लागते. आपल्याकडे ‘नटसम्राट’मधले श्रीराम लागू आणि दत्ता भट यांची तुलना करणं त्या मानानं सोपं होतं, कारण संहिता तीच, स्वगतं तीच. बाँडच्या बाबतीत प्रत्येक नटाला वेगळी पटकथा मिळाली, वेगळं दशक मिळालं, वेगळं बजेट मिळालं. म्हणून आधी न बदलणाऱ्या गोष्टी शोधायच्या आणि त्यांच्याशी ताडून बदलणारा नट पाहायचा. कसं, ते खाली सांगतो. चित्रपटांचे शेवट उघड होणार आहेत, ते आधीच सांगून ठेवतो.

पायरी १ : यादी आवरा, प्रत नीट निवडा

ईऑन कंपनीचे बाँडपट १९६२ ते २०२१ या काळात २५ झाले. कॉनरीचे सहा, लॅझेनबीचा एक, मूरचे सात, डाल्टनचे दोन, पिअर्स ब्रॉस्ननचे चार, क्रेगचे पाच. कॉनरीचा १९८३चा ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ या कंपनीबाहेरचा आहे, त्याचा उपयोग शेवटी करू. १९५४ साली अमेरिकन टीव्हीवर बॅरी नेल्सननं साकारलेला अमेरिकन ‘जिमी बाँड’ आणि १९६७च्या विडंबनातला डेव्हिड निव्हन हे दोघं गमतीचे आहेत, पण आपल्या कामाचे नाहीत.

पंचवीसही पाहायची गरज नाही. कॉनरीसाठी ‘डॉ. नो’, ‘गोल्डफिंगर’ आणि ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’, लॅझेनबीचा ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’, मूरसाठी ‘लिव्ह अँड लेट डाय’, ‘द स्पाय हू लव्हड मी’ आणि ‘फॉर युअर आइज ओन्ली’, डाल्टनचे दोन्ही, ब्रॉस्ननचे ‘गोल्डनआय’ आणि ‘द वर्ल्ड इज नॉट इनफ’, क्रेगचे ‘कसिनो रोयाल’, ‘स्कायफॉल’ आणि ‘नो टाइम टू डाय’. एवढ्यावर काम भागतं.

प्रत मूळ इंग्रजीच घ्या, हवी तर सबटायटल लावा. टीव्हीवर हिंदी डब पाहून वाढलेल्यांना सहाही बाँड एकाच सुरात बोलल्यासारखे वाटतात. त्यात दोष त्या नटांचा नाही. कॉनरीची स्कॉटिश ‘श’कडे झुकणारी उच्चारपद्धती किंवा डाल्टनचा रंगभूमीवर घडलेला आवाज गेला की निम्मा अभिनय गेला. दुसरी काळजी कात्रीची. २०१५ साली ‘स्पेक्टर’ भारतात लागला तेव्हा सेन्सॉर बोर्डानं चुंबनदृश्यांची लांबी निम्म्यावर आणली होती. अशा प्रतीत नटाचा ठहराव बघायला जाल तर तो तुम्हाला मिळणारच नाही. पाहायला बसण्याआधी चित्रपटाची एकूण लांबी पडताळून घ्या.

पायरी २ : न बदलणारी माणसं धरा

सगळ्यात भरवशाचं माप म्हणजे डेस्मंड लुएलिन. १९६३ ते १९९९ या काळात १७ चित्रपटांत त्यांनी बाँडला नवनवी यंत्रं पुरवणारा क्यू साकारला आणि कॉनरी, लॅझेनबी, मूर, डाल्टन, ब्रॉस्नन अशा पाच बाँडांसमोर ते उभे राहिले. त्यांचा सूर फारसा बदलत नाही : वैतागलेला, शिस्तीचा, आपल्या यंत्रांवर जीव असलेला माणूस. त्यामुळे समोरचा नट काय करतो ते लख्ख दिसतं.

‘गोल्डफिंगर’मध्ये गाडीच्या उडणाऱ्या सीटबद्दल ऐकून कॉनरी ‘थट्टा करताय’ अशा अर्थाचं बोलतो आणि क्यू उत्तर देतो की कामाच्या बाबतीत मी थट्टा करत नाही. कॉनरी त्या क्षणी उनाड विद्यार्थी होतो. मूर मात्र क्यूला बरोबरीच्या मित्रासारखा चिडवतो. ‘लायसन्स टू किल’मध्ये क्यू स्वतः रजा काढून बाँडच्या मदतीला येतो आणि डाल्टन त्याला आधी परत जायला सांगतो. त्या बोलण्यात काळजी ऐकू येते, आणि डाल्टनच्या दोन चित्रपटांत उबदारपणाचे जे थोडे क्षण आहेत त्यातला हा एक. ‘गोल्डनआय’मध्ये ब्रॉस्नन टेबलावरचं सँडविच उचलतो आणि क्यू ओरडतो, ‘हात लावू नकोस, ते माझं जेवण आहे!’ ब्रॉस्ननचा चेहरा त्या वेळी नीट पाहा. अपराधी, आणि तरीही देखणा दिसण्याची काळजी घेतलेला. मला ब्रॉस्ननबद्दल जे म्हणायचंय ते त्या एका चेहऱ्यात आहे.

दुसरं माप ज्युडी डेंच यांचं. त्या ब्रॉस्नन आणि क्रेग या दोघांच्या वरिष्ठ झाल्या. ‘गोल्डनआय’मध्ये त्या बाँडला स्त्रीद्वेष्टा, शीतयुद्धातला उरलेला डायनोसॉर ठरवतात आणि ब्रॉस्नन ते सभ्यपणे झेलतो, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. ‘कसिनो रोयाल’मध्ये क्रेग त्यांच्या घरात घुसून बसतो, त्यांचं खरं नाव उच्चारायला जातो आणि त्या त्याला धमकावून गप्प करतात. एक जण घरंदाज जावयासारखा वागतो, दुसरा घरातल्या बिघडलेल्या पोरासारखा. ‘स्कायफॉल’च्या शेवटी त्या क्रेगच्या हातांत प्राण सोडतात, ते पचतं ते याच मांडणीमुळे. ब्रॉस्ननच्या बाँडला तो प्रसंग दिला असता तर पेलला असता असं मला वाटत नाही.

बर्नार्ड ली यांचे एम (बाँडचे वरिष्ठ) आणि लॉइस मॅक्सवेल यांची मनीपेनी (एमची सेक्रेटरी) यांच्याशीही कॉनरी, लॅझेनबी आणि मूर ताडून पाहता येतात. पण तिथे प्रसंग छोटे असतात, फार काही हाती लागत नाही.

पायरी ३ : दिग्दर्शक तोच, नट वेगळा

दिग्दर्शक बदलला की कॅमेरा चेहऱ्यावर किती थांबतो तेही बदलतं आणि आपण त्याचं श्रेय नटाला देऊन मोकळे होतो. हे टाळायला तीन जोड्या आयत्या मिळतात. गाय हॅमिल्टन यांनी १९७१चा ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ कॉनरीला घेऊन केला आणि लगेच १९७३चा ‘लिव्ह अँड लेट डाय’ मूरला घेऊन. जॉन ग्लेन यांनी १९८५ साली मूरचा शेवटचा आणि १९८७ साली डाल्टनचा पहिला चित्रपट केला. मार्टिन कॅम्बेल यांनी १९९५ साली ब्रॉस्ननला आणि २००६ साली क्रेगला पदार्पण करून दिलं.

पहिली जोडी सगळ्यात मजेची, कारण लेखणीही तीच आहे. दोन्ही पटकथांवर टॉम मॅनकीविझ यांचा हात आहे. १९७१ साली जुगाराच्या टेबलाशी एक तरुणी आपलं नाव ‘प्लेंटी ओटूल’ सांगते आणि कॉनरी म्हणतो, ‘वडिलांवरून ठेवलं असेल.’ आवाज सपाट, चेहरा निर्विकार. विनोद झाला हे कळायला आपल्याला क्षणभर लागतं. १९७३ साली मूर चुंबकीय घड्याळानं एका मुलीच्या ड्रेसची झिप उघडतो आणि ते निव्वळ आकर्षणशक्तीचं काम असल्याचं सांगतो. इथे विनोदाआधीच भुवई वर गेलेली असते. कॉनरी विनोद टाकून पुढे निघून जातो, मूर तो प्रेक्षकांबरोबर वाटून घेतो. बारा वर्षांत मूरनं हा स्वभाव सोडला नाही, आणि ज्यांना मूर आवडत नाही त्यांना नेमकं हेच खुपतं.

दुसऱ्या जोडीत एक गोम आहे. १९८६ साली भूमिका ब्रॉस्ननकडे जवळजवळ आलीच होती, पण टीव्ही मालिकेच्या करारात तो अडकला आणि डाल्टन आला. ‘द लिव्हिंग डेलाइट्स’मध्ये चेलोच्या पेटीत बसून बर्फावरून सीमा ओलांडण्याचा प्रसंग आहे. तो पाहताना जाणवतं की हे कपडे दुसऱ्या कुणाच्या मापाचे आहेत. डाल्टन तो करतो, पण रमत नाही. त्याच चित्रपटात ब्रातिस्लाव्हातल्या खिडकीत तो बंदूक घेऊन बसतो, समोरची नेमबाज सराईत नाही हे ओळखून मुद्दाम तिच्या बंदुकीवर गोळी झाडतो, आणि नंतर सहकाऱ्याला तुटकपणे सांगतो की वरिष्ठांनी मला काढलं तर मी त्यांचे आभारच मानेन. हा डाल्टन. दोन्ही प्रसंग लागोपाठ पाहा, पटकथा आणि नट यांच्यातली फट आपोआप दिसेल.

पायरी ४ : दोन कसोट्या, सावकाश

नाव सांगण्याचा प्रसंग सगळेच पाहतात, म्हणून तो थोडक्यात. ‘डॉ. नो’मध्ये कॅमेरा कॉनरीचा चेहरा बराच वेळ दाखवत नाही. पाठ, हात, पत्ते, मग ओठांतली सिगरेट, लायटर आणि ते नाव. ‘गोल्डनआय’मध्ये मोंटे कार्लोच्या टेबलावर ब्रॉस्नन त्याचीच उजळणी करतो, तेही अदबीनं. क्रेगला मात्र हे वाक्य चित्रपटाच्या अगदी शेवटी, पायात गोळी घातलेल्या माणसासमोर उभं राहून मिळतं. तोपर्यंत ते त्यानं कमावलेलं असतं.

खरी कसोटी पुढची : हतबल माणसाला मारणं. ‘डॉ. नो’मध्ये प्राध्यापक डेंट अंधाऱ्या खोलीतल्या पलंगावर सहा गोळ्या झाडतो. कॉनरी दाराआड पत्ते लावत बसलेला असतो. डेंट पुन्हा पिस्तूल उचलतो, चाप ओढतो, नुसता खट्ट आवाज होतो. कॉनरी शांतपणे सांगतो की तुझ्या सहा गोळ्या संपल्या. मग झाडतो, आणि पडलेल्यावर आणखी एक झाडतो. चेहऱ्यावर राग नाही, समाधानही नाही. कारकुनानं फाइल बंद करावी तसं.

१९८१च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’मध्ये लॉक नावाच्या मारेकऱ्याची गाडी कड्यावर अर्धी लोंबकळते. मूर त्याच्याकडे पारव्याच्या आकाराची पिन फेकतो आणि गाडीला लाथ घालतो. मूरला हा प्रसंग करणं जड गेलं होतं, आपल्या बाँडला हे शोभत नाही असं त्याचं मत होतं. पडद्यावर तो अवघडलेपणा कुठे दिसतो का, ते शोधा. मला तो लाथेच्या आधीच्या क्षणात दिसतो, आणि त्यामुळेच मूरच्या सातही चित्रपटांत हा क्षण मला सर्वांत खरा वाटतो.

‘लायसन्स टू किल’मध्ये फितूर अधिकारी शार्कच्या टाकीवर लोंबकळत लाचेतला अर्धा वाटा देऊ करतो. डाल्टन पैशांची अख्खी बॅगच त्याच्या अंगावर भिरकावतो. इथे राग उघड आहे, दातओठ खाल्लेले आहेत. ‘द वर्ल्ड इज नॉट इनफ’मध्ये खलनायिका एलेक्ट्रा म्हणते, ‘तू मला मारणार नाहीस, तुला माझी आठवण येईल.’ ती साथीदाराला वायरलेसवर इशारा देते आणि ब्रॉस्नन गोळी झाडतो. मग तिच्यावर वाकतो. पुढे क्षणभर जे आहे त्यात ब्रॉस्ननकडून आणखी किती काही घेता आलं असतं ते कळतं, पण पटकथा त्याला लगेच पळायला लावते. आणि क्रेग : प्रागमधल्या कृष्णधवल ऑफिसात फितूर अधिकारी ड्रायडन त्याला समजावतो की घाबरू नकोस, दुसरा खून... आणि वाक्य पूर्ण व्हायच्या आत गोळी. ‘हो, बराच,’ एवढं क्रेग म्हणतो. सोपा गेला, या अर्थानं. हे म्हणताना तो बढाई मारत नाही, आणि तो खरं बोलतोय की नाही हेही आपल्याला समजत नाही. ते समजू न देणं हेच त्याचं कसब.

दुसरी कसोटी म्हणजे ट्रेसी. पाच नटांना जोडणारं हे एकच दुःख आहे. १९६९ साली लॅझेनबीचा बाँड तिच्याशी लग्न करतो आणि काही वेळातच रस्त्यावर तिला गोळी लागते. पोलीस थांबतो तेव्हा तो सांगतो की काही नाही, ती जरा विसावा घेतेय, घाई नाही, आमच्याकडे अख्खं आयुष्य पडलंय. लॅझेनबी मॉडेल होता, जाहिराती सोडल्या तर अभिनयाचा अनुभव नव्हता. त्यानं पहिल्या टेकला अश्रू आणले आणि दिग्दर्शक पीटर हंट यांनी ते नकोत म्हणून पुन्हा करायला लावलं, असं तो सांगत आला आहे. पडद्यावर आहे तो कोरडा, भांबावलेला आवाज. कॉनरीला हा शेवट अधिक सफाईनं करता आला असता, पण ती सफाईच इथे आडवी आली असती.

आता पुढची साखळी बघा. १९७१ साली परतलेला कॉनरी ट्रेसीच्या खुनामागच्या ब्लोफेल्डला शोधत लोकांना बुकलतो, पण बायकोचा उल्लेखही नाही. १९७७ साली रशियन हेर अ‍ॅनया बारमध्ये त्याची माहिती घडाघडा सांगते, लग्नापर्यंत येते, आणि मूर तिला मध्येच तोडतो. भुवई जागच्या जागी. सात चित्रपटांतला हा एक क्षण मूरच्या निंदकांना आवर्जून दाखवावा. १९८१ साली तो तिच्या थडग्यावर फुलं ठेवतो. १९८९ साली मित्राच्या लग्नात नवरी डाल्टनकडे आपला गार्टर टाकते, पुढचा नंबर तुझा, या थाटात. तो हसून घेतो आणि हसू विझतं. तो गेल्यावर नवरा तिला सांगतो की त्याचं एकदा लग्न झालं होतं, फार पूर्वी. ट्रेसीचं नाव नाही, फ्लॅशबॅक नाही. १९९९ साली एलेक्ट्रा ब्रॉस्ननला विचारते, तुमचं कुणी जवळचं गेलंय का, आणि तो विषय बदलतो.

क्रेगच्या वाट्याला ट्रेसी नाही, ‘कसिनो रोयाल’मधली प्रेयसी व्हेस्पर आहे. ती गेल्यावर तो फोनवर तिला शिवी हासडतो, आणि पंधरा वर्षांनी आलेल्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये तिच्या थडग्यापाशी जाऊन माफी मागतो. त्याच चित्रपटात तो गाडीत बसून नव्या प्रेयसीला, मॅडलिनला, १९६९चंच वाक्य ऐकवतो : आपल्याकडे अख्खं आयुष्य पडलंय. लॅझेनबीचं ते वाक्य आधी पाहिलं नसेल तर क्रेगच्या या वाक्याचा निम्मा अर्थ निसटतो. म्हणून ट्रेसीची साखळी सालांच्या क्रमानंच पाहा, उलटसुलट पाहू नका.

हाणामारीवर फार वेळ घालवू नका. मारामारी संपल्यानंतरचे दोन सेकंद तेवढे टिपा. ब्रॉस्नन रणगाड्यात बसल्या बसल्या टाय सरळ करतो. ‘स्कायफॉल’मध्ये रेल्वेचा डबा मागे फाटतोय आणि क्रेग शर्टाची बाही ओढून नीट करतो. पहिला प्रेक्षकांसाठी आहे, दुसरा सवयीनं झालाय.

पायरी ५ : वजाबाकी

जे नटाचं नाही ते त्याच्या खात्यातून काढा. पहिल्या तीन चित्रपटांच्या सुरुवातीला बंदुकीच्या नळीतून दिसणारा माणूस कॉनरी नाहीच, तो स्टंटमन बॉब सिमन्स आहे. ‘गोल्डनआय’मधली धरणावरची उडी स्टंटमन वेन मायकेल्सची. लॅझेनबी सर हिलरी ब्रे बनून आल्प्सच्या डोंगरावर जातो तेव्हा त्याच्या तोंडून येणारा आवाज जॉर्ज बेकर या दुसऱ्याच नटाचा आहे. ‘लॅझेनबीचं बोलणं मधल्या भागात बनावट वाटतं’ अशी टीका करण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

कपडे आणि चालणं यांचाही हिशेब करा. पहिले दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी कॉनरीला आपल्या शिंप्याकडे नेलं, सूट अंगावर सहज वाटावा म्हणून तो घालून झोपायला लावलं, असं सांगतात. म्हणजे त्या डौलात यंग यांचाही वाटा आहे. उलट बाजूही आहे : कॉनरीबद्दल आधी साशंक असलेल्या इयान फ्लेमिंगनी पुढे कादंबरीत बाँडला स्कॉटिश वडील दिले. इथे नटानं लेखकाला बदललं, तेव्हा हे श्रेय त्याच्या खात्यात पूर्ण जमा करा.

वयही पाहा. मूर कॉनरीपेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी मोठा होता, आणि १९८५च्या चित्रपटाच्या वेळी ५७ वर्षांचा. तिथल्या पळापळीवरून त्याला जोखणं अन्यायाचं आहे.

पायरी ६ : वही

गुण देऊ नका. दहापैकी आठ, दहापैकी सात यातून काही कळत नाही. प्रत्येक प्रसंग तीनदा पाहा : एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्याकडे पाठ करून. आवाज बंद केला की कॉनरी आणि क्रेग वर येतात, दोघंही शरीरानं बोलतात. नुसतं ऐकलं की डाल्टन वर येतो आणि क्रेग थोडा खाली जातो, त्याचे काही शब्द पुटपुटण्यात हरवतात. मूरला दोन्ही लागतं, त्याचा विनोद आवाज आणि भुवई यांच्या मधे कुठेतरी असतो. नोंद करताना विशेषणं टाळून क्रियापदं लिहा. ‘छान’, ‘थंड’, ‘रुबाबदार’ असं न लिहिता ‘मान वळवली, उत्तर दिलं नाही, ग्लास खाली ठेवला’ असं लिहा. मत नंतर आपोआप तयार होतं आणि भांडणात पुरावाही हाताशी राहतो.

पायरी ७ : नटाची त्याच्याशीच तुलना

सगळं झाल्यावर १९६५चा ‘थंडरबॉल’ आणि १९८३चा ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ काढा. हक्कांच्या जुन्या भांडणामुळे एकच कथा दोनदा चित्रित झाली आणि दोन्ही वेळा नट तोच. दोन्हींत बाँड श्रबलँड्स नावाच्या आरोग्यधामात जातो. १९६५चा कॉनरी तिथे मांजरासारखा हुंगत, दारं उघडत फिरतो. १९८३चा कॉनरी सुटकेसमध्ये कॅव्हियार आणि व्होडका लपवून आणतो, आणि नर्स खोलीच्या त्या टोकाला असलेलं भांडं लघवीच्या नमुन्यानं भरायला सांगते तेव्हा विचारतो, ‘इथून?’ हा विनोद मूरचा आहे! अठरा वर्षांत मूरनं भूमिकेला जी वळणं लावली ती कॉनरीनंही उचलली असावीत, असा माझा तर्क आहे.

तो पडताळायला त्याच वर्षीचा मूरचा ‘ऑक्टोपसी’ लावा आणि दोघांचे जुगाराचे प्रसंग शेजारी ठेवा. उदयपूरच्या हॉटेलात मूर खलनायक कमाल खानचेच बनावट फासे हातात घेऊन दोन षटकार टाकतो, आणि मागे उभा असलेला आपला कबीर बेदी ते फासे मुठीत चुरडून भुगा करतो. मूर तिकडे बघतो ते जवळजवळ कौतुकानं. तिकडे कॉनरी खलनायक लार्गोबरोबर विजेचे झटके देणारा व्हिडिओ गेम खेळतो, आधी हरतो, घामाघूम होतो, मग जिंकलेली रक्कम एका नाचाच्या बदल्यात सोडून देतो. वेदना दाखवायला कॉनरी कचरत नाही, मूरनं ती कपाळावरची आठी होऊ दिली नसती. दोघांनीही पन्नाशी ओलांडली होती, आणि तिकीटबारीवर दोघांतला सामना मूरनं जिंकला.